माठ भरण्याची पाळी

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देव गोदावरीत सोडले, असे वडील सांगत. त्यामुळे कृपा, प्रचीती, साक्षात्कार हे शब्द मी स्वतःसाठी कधी वापरलेले नाहीत. पुढे जे लिहितो आहे त्याला काय म्हणावे हे मला आजही ठरवता आलेले नाही. जसे घडले तसे लिहितो. नाव ज्याचे त्याने द्यावे.

नांदेडच्या एका दैनिकात मी बावीस वर्षे उपसंपादक म्हणून टेबलावर काम करतो. शहराचे पान माझ्याकडे असते. त्यात दोन रकाने रोजचे, एक ‘आजचे कार्यक्रम’ आणि दुसरा ‘निधन वार्ता’. ऐन वेळी जाहिरात आली की पानावरची जागा कमी पडते. तेव्हा कार्यक्रमांच्या रकान्यातून आधी कायमच्या ओळी काढायच्या, ही माझी पद्धत. ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब, मोफत रक्तदाब तपासणी, व्यसनमुक्ती गटाची साप्ताहिक बैठक, असल्या त्या ओळी. त्या गेल्या तर कोणाचा फोन येत नाही. तो मजकूर मी वाचत नव्हतो, फक्त किती जागा सुटते ते बघत होतो. निधन वार्तेला मात्र कात्री लागत नाही. तिथली भाषाही ठरलेली आहे. दारूने गेलेला माणूस आमच्याकडे ‘अल्पशा आजाराने’ जातो. हे कोणी शिकवलेले नाही. घरच्यांची लाज राहावी म्हणून आधीचे लिहीत आले, म्हणून मीही लिहीत आलो.

मी स्वतः पीत होतो. सुरुवात कधी झाली ते सांगण्यात अर्थ नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. शेवटची दहा-बारा वर्षे दारू माझ्या टेबलावर स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत असायची. देशी पांढरी असते, पाण्यात दिसत नाही. तीच बाटली घरी यायची. माझी मुलगी प्रज्ञा सात वर्षांची असताना बाहेरून खेळून आली आणि तिने पाणी समजून त्या बाटलीतला मोठा घोट घेतला. ती कशी ओकली, कशी रडली, हे मी लिहीत नाही. त्या दिवसापासून ती कुठल्याही घरात, कुठल्याही भांड्यातले पाणी आधी नाकाशी नेऊन मग पिते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. नातेवाईक हसतात, पोरीला खोड आहे म्हणतात. खोड कशाची आहे ते आम्हा तिघांना ठाऊक होते.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. वडील गेल्यानंतर पुढे बसून म्हणण्याचे काम माझ्याकडे आले होते. माझा आवाज बरा आणि उच्चार स्वच्छ, म्हणून. पुढच्याने म्हणायचे आणि बाकीच्यांनी मागून. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. त्या ठिकाणी मी आवाज खाली आणायचो, कधी खोकायचो, कधी घाईने पुढे सरकायचो. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आले नाही असे मी धरून चाललो होतो.

वस्तीत गयाबाई नावाच्या एक बाई राहतात. पालिकेच्या सफाई कामातून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना गयामाय म्हणतात. त्यांचा एकुलता एक मुलगा दारूने गेला. त्याच्या निधनाची बातमी द्यायला त्या स्वतः आमच्या कार्यालयात आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी मजकूर लिहिला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

“अल्पसा?” त्या म्हणाल्या. “सोळा वर्सं पीत होता की रं.”

“माय, असंच लिहितेत,” मी म्हणालो.

“लिव मंग,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाटली माझ्या कोपराजवळ होती. मी मजकूर पुढे पाठवला आणि तिच्यातले दोन घोट घेतले.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेले असेल. एका रविवारी विहारात चौथे शील झाले आणि मी खोकून पुढे जाणार, तेवढ्यात बायकांच्या ओळीतून गयामायचा आवाज आला, “पाचवं ऱ्हायलं. पाचवं म्हन की.” सगळे थांबले. पन्नास-साठ माणसे हात जोडून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो. पुढच्या ओळीतल्या एका बाईने पदर नाकाला लावलेला मला दिसला. वंदना पूर्ण करून मी उठलो, तो पुन्हा विहारात गेलो नाही. घरी बायकोला सांगितले, गयामायने चारचौघांत माझा अपमान केला. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “त्यांनी म्हनायला सांगितलं,” ती म्हणाली. “अपमान तुमचा तुम्हीच करून राहिले.”

प्रज्ञा तेव्हा लातूरला होती. वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेसाठी मराठवाड्यातली मुले तिथे जातात, तशी तीही गेली होती. वसतिगृहात एकदा पालकांना बोलावले होते. मी गेलो तो पिऊन, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. मुली माझ्या अंगावरून पाय उचलून वर जात होत्या, एवढे आठवते. आठवडाभराने तिचा फोन आला. आवाज शांत होता. “पप्पा, इथून पुढं तुम्ही येऊ नका. काही लागलं तर मम्मीला पाठवा. माझ्या मैत्रिणींना मी सांगितलंय, ते आमचे शेजारी होते.” मी बरं म्हणालो. इतकी वर्षे मी लोकांच्या मरणाची भाषा सौम्य करत होतो. माझ्या मुलीने मला जिवंतपणी शेजारी करून टाकले होते आणि त्यात एक शब्दही बदलण्यासारखा नव्हता.

तरीही जावे लागले. तिला एका अर्जासाठी जात वैधतेचे मूळ प्रमाणपत्र हवे होते, सोमवारी शेवटचा दिवस, आणि बायको तापाने पडलेली. रविवारी सकाळी सहाच्या एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. बाटली सोबत घेतली नव्हती. आज तरी वास नको, एवढेच मनात होते. चाकूर येईपर्यंत हात थरथरू लागले आणि मानेवर घाम सुटला. वसतिगृहाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. फोन केला. ती म्हणाली, “वॉचमनकडं द्या आणि जा.” मी पाकीट वॉचमनला दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ती उभी होती. हात हलवावा असे वाटले, पण हात इतका हलत होता की तो खिशात घातला. मी वळेपर्यंत खिडकी बंद झाली.

रस्त्यावर आलो तेव्हा मला एकच गोष्ट कळत होती, अर्ध्या तासात प्यायला मिळाली पाहिजे. बाजारपेठेत, गोलाईच्या बाजूला दारूचे दुकान आहे हे मागच्या वेळचे माहीत होते. समोर एक ऑटो उभा होता, त्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, गोलाई. चालक पन्नाशीचा, दाढी पिकलेली. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले होते.

“गोलाईला सोडतो साहेब,” तो म्हणाला. “पर आधी एक कुलूप उघडायचं हाय. लोकं खोळंबतेत. धा मिंटं. तुमचं भाडं नगो.”

नको म्हणण्याइतकीही शक्ती नव्हती. त्याचे नाव रसूलभाई, हे नंतर कळले. त्याने ऑटो एका जुन्या इमारतीपाशी थांबवला. दुसऱ्या मजल्यावर बंद पडलेल्या शिकवणीचा वर्ग होता. फळ्यावर अर्धे पुसलेले रसायनशास्त्राचे सूत्र, लांब बाकांवर पांढऱ्या रंगात टाकलेले क्रमांक, आणि कोपऱ्यात तीन विटांवर ठेवलेला एक माठ. रसूलभाईने दार उघडले, खिडक्या उघडल्या, माठात डोकावून पाहिले आणि कोपऱ्यातली कळशी माझ्या हातात दिली.

“खाली पिंपात पानी हाय. दोन खेपा आणा. नवा मानूस माठ भरतो, असा हितला रिवाज हाय.”

“मी नवा नाही. मला गोलाईला जायचंय.”

“हाव, सोडतो की. माठ भरला की लगेच.”

मी का गेलो, हे मला सांगता येत नाही. कळशी हातात होती म्हणून गेलो असेन. लातूरला पाण्याची काय किंमत आहे ते सगळा महाराष्ट्र जाणतो. त्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येत असे आणि ते पिंप लोकांनी आपापल्या घरून आणून भरलेले होते. पहिल्या खेपेला अर्धी कळशी जिन्यावर सांडली. पायऱ्यांवरून पाणी खाली वाहत गेले. तोवर सात-आठ माणसे वर येऊ लागली होती. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि ओल्या पायऱ्यांच्या कडेने, मला वाट देत वर गेली. दुसऱ्या खेपेलाही सांडले. माठ भरायला मला चार खेपा लागल्या. शेवटी मी बाकावर बसलो तो दम लागल्यामुळे, ऐकायचे म्हणून नाही. डाळमिलमध्ये हमाली करणारा एक थोराड माणूस माठाजवळ गेला, त्याने पेला भरून घेतला, माझ्याकडे बघत सावकाश प्यायला आणि म्हणाला, “गार हाय.”

मग दार लोटून घेतले गेले आणि ते एकेक करून आपापल्या दारूबद्दल बोलू लागले. मी आयुष्यभर माणसांची भाषणे ऐकून त्यातले कामाचे दोन परिच्छेद काढत आलो आहे. इथे काढून टाकण्यासारखे काही सापडेना. त्या हमालाने सांगितले, आईच्या तेराव्याला मी शुद्धीत नव्हतो, जेवण कोणी वाढले ते मला आजही ठाऊक नाही. एवढेच सांगून तो खाली बसला. कोणी उपदेश केला नाही. कोणी त्याला धीरही दिला नाही. पुढच्याने आपले सांगायला सुरुवात केली. माझी वेळ आली तेव्हा मी काहीच बोललो नाही. गाव विचारले तर म्हणालो, इथलाच.

निघताना रसूलभाईने कुलूप लावले आणि म्हणाला, “फुडच्या रविवारी साडेधा वाजता. जरा आधी या, माठ भरावा लागतो. नवा कुनी येईस्तोवर पाळी तुमचीच.” त्याने मला खरोखर गोलाईला सोडले. मी तिथे उतरलो आणि प्यायलो. संध्याकाळच्या गाडीने नांदेडला परत आलो. त्या दिवशी मी सुधारलो असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

पण पुढच्या रविवारी मी सहाच्या गाडीत होतो. याचा उलगडा मला होत नाही. जाऊ नये याची कारणे माझ्याकडे भरपूर होती. एकशे चाळीस किलोमीटर लांब, मी इथलाच असे सांगितलेले खोटे, आणि अनोळखी माणसांचे पिण्याचे पाणी. बहुधा शेवटचेच कारण उलटे फिरले. माझ्यावाचून अडणारे असे एवढेच काम जगात उरले होते. कार्यालयात माझे पान दुसरे कोणीही लावू शकले असते. घरात माझी वाट कोणी बघत नव्हते. त्या खोलीतला माठ मात्र मी गेलो नाही तर रिकामा राहणार होता.

नवा माणूस काही येईना. एक रविवार, दुसरा, चौथा. शनिवारी प्यायलो की रविवारी कळशी सांडते, म्हणून आधी शनिवार सुटला. मग शुक्रवार. एका बैठकीत मला झटक्यासारखे होऊ लागले, तेव्हा तीच माणसे मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. असे एकाएकी बंद करू नका, औषधावर करा, जीव जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले. मग ते औषधावर झाले. बायकोला मी सांगितले होते की रविवारी कामासाठी बाहेर असतो. तिने विचारले नाही, आणि विश्वासही ठेवला नाही. प्रज्ञाचे वसतिगृह त्या खोलीपासून पायी पंधरा मिनिटांवर होते. मी त्या रस्त्याने एकदाही गेलो नाही. येऊ नका असे तिने सांगितले होते, आणि तिचे निदान एवढे तरी ऐकायचे असे मी ठरवले होते.

बैठकीत एक गोष्ट मला अडत होती. तिथे म्हणत, आपल्याच्याने होत नाही हे कबूल करा आणि आपल्याहून मोठे जे कोणी आहे त्याच्यावर सोडा. कोणी पांडुरंगावर सोडत होते, रसूलभाई अल्लावर. मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणालो, आमच्यात देव मानत नाहीत, मी कोणावर सोडू? त्याने दाढी खाजवली.

“माठावर सोडा,” तो म्हणाला. “सध्या तेवढं बास हाय.”

मला राग आला. वाटले, हा माझी थट्टा करतो आहे. परतीच्या प्रवासात मात्र तेच डोक्यात फिरत राहिले. आम्ही लहानपणापासून बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जातो असे म्हणत आलो. संघ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे चीवर घातलेले भिक्खू यायचे. चपला हातात धरून ओल्या जिन्याच्या कडेने वर जाणारी माणसे कधी आली नव्हती.

सहाच्या गाडीवर बहुतेक रविवारी एकच वाहक असायचा. दर रविवारी लातूरला काय काम, असे त्याने एकदा विचारले आणि मी काही न सुचून खरे तेच सांगितले, पाणी भरायला जातो. तो मोठ्याने हसला आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “घ्या! घरापाशी गोदावरी, आन् पानी भराया लातूरला! लई शाने तुमी.” तेव्हापासून तो मला गोदावरीच म्हणू लागला.

आठव्या आठवड्यात मी घसरलो. शुक्रवारी कार्यालयात एकाचा निरोप समारंभ होता, तिथून सुरू झाले ते शनिवारभर चालले. रविवारी सकाळी मी स्थानकावर आलो खरा, पण लातूरच्या फलाटावर न जाता दुसऱ्या टोकाच्या बाकड्यावर बसलो. तोंडाला वास होता, कपडे कालचेच होते. मी ठरवून टाकले होते की आता पुन्हा तिकडे जायचे नाही. जे होणार होते ते झाले, आपल्या वाट्याला ‘अल्पशा आजाराने’ हेच आहे. तो मजकूर मी मनातल्या मनात लिहूनसुद्धा काढला, पश्चात पत्नी आणि एक मुलगी असा. गाडी सुटली. मी ती फलाटावरून मागे येताना पाहिली. वळण घेऊन ती बाहेर पडायला लागली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. वाहकाने दार उघडले.

“ओ गोदावरी! निजलात का काय? चढा, टाइम झाला.”

मी चढलो. माझा वास त्याला आला, हे त्याच्या तोंडावर दिसले. त्याने मला खिडकीशी बसवले, तिकीट फाडून दिले आणि पुढे गेला. त्या दिवशी मी माठ भरला तेव्हा पहिल्या दिवसाइतकेच सांडले. बैठकीत पहिल्यांदा उभा राहून मी बोललो. मुलीच्या त्या घोटाचे सांगितले. ते आजवर मी कोणाला सांगितले नव्हते. बसलो तेव्हा हमाल उठून माठापाशी गेला आणि पेला भरून माझ्यासाठी घेऊन आला. त्या दिवसानंतर मी प्यायलो नाही. वाहकाने गाडी का थांबवली, याची चौकशी मी केली नाही. ओळखीचा प्रवासी बाकड्यावर दिसला, एवढेच त्याचे कारण असेल. मला तेवढेच पुरले.

बाराव्या रविवारी नवा माणूस आला. मुरुडचा एक टेम्पोवाला. भाऊ त्याला दंडाला धरून घेऊन आला होता. रसूलभाईने माझ्याकडे पाहिले. मी कळशी उचलून त्याच्या हातात दिली आणि पिंप कुठे आहे ते दाखवले. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण तो जिना उतरेपर्यंत मी दारातून बघत राहिलो. बैठक संपल्यावर मी रसूलभाईला खरे सांगितले, मी इथला नाही, नांदेडचा आहे.

“ठाऊक हाय,” तो म्हणाला. “स्टँडवर सवारी घ्यायला मी असतो की. दुसऱ्याच रविवारी नांदेडच्या गाडीतून उतरताना पाह्यलं तुमाला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी म्हनले इथलाच. आमी मानलं.” त्याने किल्ली खिशात टाकली. “नांदेडला बी गट हाय आपला. गुरुवारी सांजच्याला, पालिकेच्या शाळेत. त्याच दिवशी सांगनार होतो. पर घराजवळचं हाय म्हनलं असतं तर तुमी गेले नसते. पेपरात येतं की ते. तिथले लोकं म्हनत होते, पेपरवाला कधी टाकतो, कधी न्हाई टाकत.”

मी नोकरी कुठे करतो हे मी तिथे कधी सांगितले नव्हते, त्यामुळे तो पेपरवाला मीच हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जुन्या अंकांची बांधणी काढली. ती ओळ कुठल्या गुरुवारी होती आणि कुठल्या गुरुवारी नव्हती, हे मोजायला घेतले आणि थोड्या वेळाने थांबलो. शाळा आमच्या विहाराच्या मागे आहे, माझ्या घरापासून चालत बारा मिनिटे. जी ओळ मी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने पुसत होतो, तिचाच पत्ता विचारत मी आठवड्याला दोनशे ऐंशी किलोमीटर फिरत होतो. आणि तो पत्ता माझ्याइतकाच ज्यांना लागणार होता, ते कोण होते, हे मला कधीच कळणार नाही. त्यातल्या काहींच्या निधन वार्ताही मीच लिहिल्या असतील.

हे एका माणसाला तरी सांगणे भाग होते. मी गयामायकडे गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितले. तुमचा मुलगा होता त्या काळातही मी ती ओळ काढत होतो. जागा करायला. त्यांनी सूप खाली ठेवले.

“त्याला ठाऊक होता पत्ता,” त्या म्हणाल्या. “म्याच हाताला धरून नेलतं दोनदा. दोन्ही बारीला दारातून माघारी आला. तुझ्या कागदानं तो मेला न्हाई.” मग सूप पुन्हा मांडीवर घेतले. “पर दुसऱ्या कुनाचं मला सांगता येत न्हाई. छापत जा.”

त्या गुरुवारी मी पालिकेच्या शाळेत गेलो. तिथे पाण्याचा प्लास्टिकचा जार ठेवत असत. पुढच्या वेळी मी एक माठ घेऊन गेलो आणि लातूरचा रिवाज सांगितला. नवा माणूस भरेल आणि नवा येईपर्यंत पाळी माझी. ती ओळ आता दर गुरुवारी छापली जाते. जाहिरात आली तर दुसरे काही काढतो. निधन वार्तेत ‘अल्पशा आजाराने’ अजूनही लिहितो. खरे लिहू का, असे घरच्यांना आधी विचारतो. आजवर एकानेही होकार दिलेला नाही. रविवारी विहारात जातो, पण पुढे बसत नाही. दुसरे कोणीतरी म्हणते आणि मी मागच्या ओळीतून मागोमाग म्हणतो. पाचव्याला आवाज बाकीच्या चारांइतकाच ठेवतो.

प्रज्ञा परीक्षा देऊन परत आली. निकाल तिच्या मनासारखा लागला नाही, पुन्हा बसणार आहे. आल्यावर ती माझ्याशी कामापुरते बोलत होती. मी दारू सोडल्याचे तिला तिच्या आईने सांगितले होते. तिने ऐकून घेतले. याआधीही तिने तसे अनेकदा ऐकले होते. वर्षातून एकदा गटाच्या बैठकीला घरच्यांना बोलावतात. बायको येते म्हणाली. प्रज्ञाने पुस्तक पुढे ओढले, पण गुरुवारी आईबरोबर आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

पाळी माझीच होती. मी शाळेच्या नळावरून दोन खेपांत माठ भरला, सांडले नाही, आणि पेले घेऊन सगळ्यांना पाणी दिले. शेवटच्या बाकापाशी आलो. “घे,” म्हणालो. तिने पेला घेतला आणि नाकाशी नेला. बायकोने मान खाली घातली. खोलीत कोणाला त्यात काही विशेष दिसले नसेल. मला ते दिसावे म्हणून मी तिथेच उभा राहिलो. तिने वास घेतला. मग तिने तो पेला सबंध पिऊन माझ्याकडे परत दिला.

“अजून आहे का?” तिने विचारले.

मी माठाकडे गेलो आणि दुसरा पेला भरून आणला. तोही तिने आधी नाकाशी नेला. ती ते आयुष्यभर करील, आणि तिने ते सोडावे असे मागण्याचा अधिकार मला नाही. पाणी भरून ठेवावे आणि प्यायचे की नाही ते पिणाऱ्यावर सोडावे, एवढेच मला त्या ओल्या जिन्यावर शिकवले गेले. ज्यांनी शिकवले त्या माणसांना, त्या वाहकाला आणि पाचवे म्हणायला लावणाऱ्या गयामायला मी हात जोडतो. नवा माणूस अजून आलेला नाही. येत्या गुरुवारी माठ माझ्याकडेच आहे.